अनेसिमाच्या वाटेनं : इफिस ते कलस्सै

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाची पत्रं आहेत; त्यांतलं सगळ्यांत लहान पत्र फिलेमोनाला लिहिलेलं आहे. अवघी २५ वचनं. कलस्सै गावातल्या या सुखवस्तू फिलेमोनाचा दास अनेसिम घर सोडून जातो, कैदेत असलेल्या पौलापर्यंत पोचतो, त्याच्याजवळ ख्रिस्ती होतो, आणि पौल त्याला चिठ्ठी देऊन धन्याकडे परत धाडतो. पत्रावरून कळतं ते एवढंच. धन्यानं पुढे काय केलं, हे नव्या करारात कुठेच येत नाही.

या अनेसिमावर मी कादंबरी लिहिते आहे. आरंभीच्या ख्रिस्ती काळावरच्या कथा म्हटल्या की रोमचा आखाडा, सिंह आणि नीरो हे ठरलेले. मला मात्र एका दासाचं स्वतःच्या पायांनी धन्याच्या दाराशी परत जाणं त्या सगळ्यापेक्षा मोठं वाटतं. नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या घरांत, जिथे आजोबांच्या पिढीनं गावकुसाबाहेरचं जगणं भोगलं, तिथे ‘दास म्हणून नव्हे, तर प्रिय भाऊ म्हणून त्याला घे’ हे या पत्रातलं वाक्य उपासनेत वाचलं गेलं की सगळे नीट सावरून बसतात. ते मी लहानपणापासून पाहत आले आहे.

परंपरा सांगते की हे पत्र रोमहून गेलं. पण ते इफिस या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन शहरातल्या कैदेतून गेलं असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पत्राच्या शेवटी पौल म्हणतो, ‘माझ्यासाठी उतरायची खोली तयार ठेव.’ समुद्रापलीकडच्या रोममध्ये बेड्यांत असलेला माणूस असं सहज लिहील, त्यापेक्षा आठवड्याभराच्या पायी अंतरावरचा माणूस लिहील हे जास्त संभवतं. माझ्या कथेचा काळ म्हणून इ.स. ५५ च्या आसपासचा, आणि वाट इफिस ते कलस्सै, सुमारे १९० किलोमीटरची. ती बघायला जूनच्या सुरुवातीला मी आणि ताई तुर्कस्तानात गेलो.

पहिला दिवस : सेल्चुक

इझमीरच्या विमानतळाला लागूनच रेल्वे स्थानक आहे. देनिझलीकडे जाणारी गाडी तिथेच मिळाली आणि तासाभरात सेल्चुकला उतरलो. इफिसचे अवशेष या गावाच्या वेशीवर आहेत. सामान खोलीत टाकून आधी अर्तमी या ग्रीक देवीच्या देवळाच्या जागेवर गेलो.

प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी हे एक. आज तिथे पाणथळ जमीन, गवत आणि एकच उभा खांब आहे. तोही सापडलेले तुकडे एकावर एक रचून केलेला, आणि त्याच्या टोकावर करकोच्याचं घरटं. पर्यटकांच्या बसगाड्या पाच मिनिटं थांबतात आणि निघून जातात. आम्ही उन्हं उतरेपर्यंत बसलो, कारण माझ्या गोष्टीचा पहिला प्रश्न याच जागेशी अडकलेला आहे : पळालेला दास इफिसलाच का येईल?

या देवळाला आश्रय देण्याचा हक्क होता. आवारात शिरलेल्या माणसाला हात लावायचा नाही. स्ट्राबो हा भूगोलकार या हद्दीचा सगळा इतिहास सांगतो. अलेक्झांडरनं ती वाढवली. मिथ्रिदातीस राजानं देवळाच्या छपराच्या कोपऱ्यावरून बाण सोडला आणि तो पडला तिथवर हद्द नेली. रोमन सेनानी अँटनीनं ती दुप्पट केली, तेव्हा शहराचा एक भागच आत आला आणि शहर गुन्हेगारांच्या हाती जायची वेळ आली. म्हणून रोमन बादशहा ऑगस्टसनं ती पुन्हा आवळली. इ.स. २२ साली रोमच्या सिनेटनं आशिया प्रांतातल्या देवळांच्या या हक्काची चौकशी लावली, कारण देवळं पळालेल्या दासांनी आणि कर्जबुडव्यांनी भरली होती, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. त्या चौकशीत सगळ्यांत आधी बाजू मांडायला उभे राहिले ते इफिसकरच.

म्हणजे कलस्सैच्या घरातून निघालेल्या माणसाच्या कानावर हे देऊळ असणारच. त्यानं इथे यावं, खांबांच्या सावलीत इतर पळालेल्यांबरोबर काही रात्री काढाव्यात, आणि मग ही सुरक्षित जागा सोडून एका कैद्याकडे जावं. माझ्या कादंबरीचा पहिला भाग मला त्या दलदलीच्या काठावर मिळाला.

संध्याकाळी संग्रहालयात अर्तमीच्या संगमरवरी मूर्ती पाहिल्या. रात्री गावातल्या चौकात बारीक काड्यांवर भाजलेलं मांस आणि चहा.

दुसरा दिवस : इफिस

सकाळी फाटक उघडताच आत शिरलो. दहानंतर जहाजांवरून येणाऱ्या सहलींची गर्दी होते, दगड तापतात आणि काही दिसेनासं होतं.

इफिसमध्ये ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्याचं पहिलं काम वजाबाकीचं असतं. सगळ्यांच्या फोटोत असतं ते सेल्ससचं ग्रंथालय दुसऱ्या शतकातलं, सेल्ससच्या मुलानं बापाची कबर म्हणून बांधलेलं. पौलाच्या काळात ते नव्हतं. हेड्रियनचं देऊळ नव्हतं. बंदराकडे जाणारा रुंद, खांबांचा रस्ता आज दिसतो त्या रूपात आर्केडियस बादशहाच्या काळातला, म्हणजे साडेतीनशे वर्षं नंतरचा. हे सगळं डोळ्यांआड करत चालावं लागतं, आणि मग जे उरतं ते एकदम जवळ येतं.

उरतं त्यात ग्रंथालयाला खेटून उभी असलेली तीन कमानींची वेस आहे. हजारो लोक तिच्याखालून ग्रंथालयाचा फोटो घ्यायला जातात. ही वेस इ.स.पू. ३ च्या सुमारास मझेउस आणि मिथ्रिदातीस या दोघांनी बांधली. हा मिथ्रिदातीस राजा नव्हे. हे दोघे दास होते. एक ऑगस्टसच्या घरचा, एक त्याचा सेनापती अग्रिप्पा याच्या. मुक्त झाल्यावर त्यांनी पैसा केला आणि पूर्वीच्या धन्यांच्या सन्मानार्थ बाजारपेठेच्या तोंडाशी ही वेस उभारली, त्यांच्या नावांसकट. अनेसिम बाजारात गेला असेल तर याच कमानीखालून. त्याला अक्षरं वाचता येवोत न येवोत, ही वेस कोणी बांधली हे त्याला कोणीतरी सांगितलंच असणार. आणि याच शहरात दासांचा बाजारही भरत असे. तिथल्या व्यापाऱ्यांचा उल्लेख इफिसमध्ये सापडलेल्या एका शिलालेखात आहे. मुक्त झालेल्यांची कमान आणि विकायला उभे केलेले, दोन्ही एकाच शहरात. मी त्या कमानीखाली इतका वेळ उभी राहिले की ताई पुढे जाऊन सावली शोधून परत आली.

डोंगरउतारावरच्या श्रीमंतांच्या घरांना वेगळं तिकीट आहे आणि ते जरूर काढावं. मोठ्या छताखाली, काचेच्या आणि लोखंडी वाटांवरून ही घरं वरून बघत फिरता येतं. भिंतींवरची रंगीत चित्रं बरीच नंतरची, पण घरांची मांडणी पहिल्या शतकात सुरू झालेली. मधे उघडा चौक, भोवती खोल्या, नळाचं पाणी, जमिनीवर रंगीत खड्यांची नक्षी. भिंतींवर कोणीतरी ओरखडून ठेवलेली खर्चाची टिपणंही आहेत, जिनसा आणि त्यांचे भाव. ती मालकानं स्वतः लिहिली नसावीत असं मला वाटतं. बाजारातून पिशव्या घेऊन आलेल्या, हिशेब द्यायला बांधील असलेल्या हातांची ती अक्षरं आहेत. ‘काही देणं निघत असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी पौल हे माझ्या हातानं लिहितो, मी फेडीन’ हे पत्रातलं वाक्य त्या भिंतीसमोर मला नव्यानं कळलं. दासाचं आयुष्य हिशेबाच्या वहीत होतं, आणि पौल त्याच वहीत स्वतःचं नाव घालतो.

थिएटरला गेलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सुमारे २५ हजार माणसं बसतील एवढं ते मोठं आहे. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सांगितलेला सोनारांचा दंगा इथला. देमेत्रिय सोनार रुपेरी देव्हारे घडवायचा, धंदा बुडेल म्हणून त्यानं कारागिरांना चिथावलं, आणि जमाव दोन तास ‘इफिसकरांची अर्तमी थोर’ असं ओरडत राहिला. पौलाचे सोबती गायस आणि अरिस्तार्ख यांना ओढून आणलं होतं. पौलाला आत जायचं होतं, शिष्यांनी जाऊ दिलं नाही. शेवटी नगरलेखकानं लोकांना कायद्याची आठवण करून देऊन घरी पाठवलं. या पुस्तकाचा लेखक लूक यानं हा प्रसंग फार जिवंत लिहिला आहे. बहुतेकांना आपण कशासाठी जमलो हेच ठाऊक नव्हतं, असं तो म्हणतो.

वरच्या पायरीवरून बंदराकडे पाहिलं तर समुद्र दिसत नाही. नदीनं आणलेल्या गाळानं बंदर भरलं आणि किनारा कित्येक किलोमीटर लांब गेला. जिथे जहाजं लागत तिथे आता बोरू आणि शेतं. त्याच पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या टिपणात आपलं सोपारा आणि कल्याण येतं. त्या काळातलं जग आपण समजतो त्याहून बरंच जोडलेलं होतं. इफिसच्या धक्क्यावर हिंदुस्थानचं मिरं उतरलं असेल तर मला नवल वाटणार नाही, आणि माझ्या कादंबरीतल्या स्वयंपाकघरात ते असणार आहे.

पश्चिमेकडच्या टेकडीवर एक बुरूज दिसतो. लोक त्याला पौलाचा तुरुंग म्हणतात. बुरूज पौलाच्याही आधीच्या, ग्रीक काळातल्या तटबंदीचा आहे. तुरुंगाचं नाव पुढे कधीतरी चिकटलं. पण पौल स्वतः करिंथकरांना लिहितो की आशियात आमच्यावर असं संकट आलं की जगण्याची आशाही उरली नव्हती. त्यामुळे त्याची कोठडी इफिसमध्येच कुठेतरी मी खुशाल बांधणार आहे.

तिसरा दिवस : रेल्वेनं नीसा

सेल्चुकहून देनिझलीची गाडी पकडली. इझमीर ते आयदिन हा मार्ग १८६६ साली पुरा झाला, तुर्कस्तानातल्या सगळ्यांत जुन्या रेल्वेमार्गांपैकी एक. आखणी करणाऱ्यांना नवी वाट शोधावी लागली नाही. मेंदेरेस नदीच्या खोऱ्यातून पूर्वेकडे जायचा हाच रस्ता स्ट्राबोनं सांगितला आहे, आणि इ.स.पू. १२९ नंतर मॅनियस अक्विलियस या रोमन अधिकाऱ्यानं तो बांधून काढून मैलाचे दगड रोवले. अनेसिमाच्या पायांखाली हाच रस्ता होता.

खिडकीतून अंजिरांच्या बागा, ऑलिव्ह, कापसाची हिरवी शेतं. उत्तरेला डोंगर सतत सोबतीला. दिवसाला २५-३० किलोमीटर चाललं तर आठवडा लागेल. आमच्या समोर बसलेल्या बाईंनी पिशवीतून जर्दाळू काढून आमच्या ओंजळीत ओतले. भाषा येत नसताना ताई त्यांच्याशी गुडघेदुखीवर बराच वेळ बोलली, आणि दोघींचं समाधान झालं.

या मार्गावरची गावं मला पौलापेक्षा इग्नाशियसमुळे जास्त ठाऊक. इ.स. ११० च्या सुमारास अंत्युखियाचा हा बिशप मरणाच्या शिक्षेसाठी सैनिकांच्या पहाऱ्यात रोमला नेला जात होता. वाटेत स्मुर्णेला, म्हणजे आजच्या इझमीरला, थांबला असताना त्यानं इफिस, मॅग्नेशिया आणि त्राल्लेस इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिली. तिन्ही ठिकाणं याच मार्गावर; त्राल्लेस म्हणजे आजचं आयदिन. आणि इफिसच्या पत्रात तो तिथल्या बिशपचं नाव देतो : अनेसिम. तो आपलाच अनेसिम की त्या नावाचा दुसरा, याचा निवाडा होणं अशक्य. नाव दासांमध्ये फार प्रचलित होतं. पण पंचावन्न वर्षांनंतर, त्याच शहरात, म्हातारा झालेला एक अनेसिम मंडळीचा पुढारी असणं अशक्य नाही. पौलाचं एवढं खाजगी पत्र जपून ठेवलं गेलं, नव्या करारात आलं, यामागे कोणाचा तरी जीव त्यात अडकलेला असणार, असं मला वाटतं.

सुलतानहिसारला उतरून टॅक्सीनं नीसाला गेलो. एका खोल ओढ्याच्या दोन्ही काठांवर वसलेलं हे शहर, खाली ओढ्यावर बांधलेला लांब बोगदा, वर ऑलिव्हच्या झाडांत थिएटर. स्ट्राबो तरुणपणी इथे शिकायला होता. आम्ही गेलो तेव्हा पहारेकरी आणि त्याचा कुत्रा सोडून कोणी नव्हतं. एक गोष्ट मनात पक्की झाली : पळालेल्या माणसाला शहरांमधून जाणं जितकं सोपं, तितकंच परतणाऱ्या माणसाला अवघड. जाताना तो गर्दीत मिसळतो. येताना प्रत्येक वेशीवर ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं लागतं. अनेसिमाबरोबर पौलाचा सोबती तुखिक होता, हे कलस्सैकरांच्या पत्रात सांगितलं आहे. सोबत मुक्त माणूस नसता तर दास पकडणाऱ्यांनी त्याला याच वाटेवर उचलला असता.

संध्याकाळच्या गाडीनं देनिझली.

चौथा दिवस : लावदिकीया

देनिझली आजही कापडाचं शहर आहे. दुकानांत टॉवेल आणि चादरींच्या थप्प्या. लावदिकीया हे प्राचीन शहर इथून अगदी जवळ, आणि त्याचीही कीर्ती लोकरीची. कावळ्यासारखी काळी, मऊ लोकर, असं स्ट्राबो लिहितो.

२००३ पासून पामुक्कले विद्यापीठाचं उत्खनन इथे चालू आहे. रस्ते, देवळं, चौथ्या शतकातलं मोठं चर्च, सगळं भराभर उभं राहतंय. माझं लक्ष पाण्याकडे होतं. दक्षिणेकडून आणलेल्या पाण्याचे दगडी नळ अजून पडलेले आहेत, आणि त्यांच्या आत क्षाराचा जाड थर बसून पोकळी अर्ध्यावर आलेली दिसते. २०१५ मध्ये इथे इ.स. ११४ चा पाण्याचा कायदा कोरलेला संगमरवरी दगड सापडला. पाणी घाण करणाऱ्याला, चोरणाऱ्याला, नळ फोडणाऱ्याला जबर दंड. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात लावदिकीयेच्या मंडळीला ‘तू थंड नाहीस, ऊनही नाहीस, कोमट आहेस’ असं सुनावलेलं आहे. अनेक अभ्यासक त्याचा संबंध या खोऱ्यातल्या पाण्याशी जोडतात : शेजारच्या हेरापली शहराला कढत झरे, कलस्सैला डोंगरातलं गार पाणी, आणि मधल्या श्रीमंत शहराला नळातून येणारं मचूळ. दगडी नळात बोट घालून पाहिल्यावर मला ते पटलं.

इ.स. ६० च्या भूकंपात हे शहर पडलं आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशानं उभं राहिलं, हे टॅसिटसनं नोंदवलं आहे. अनेसिम परतला तेव्हा त्या भूकंपाला पाचेक वर्षं होती. कथेतल्या कोणालाही ते ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसल्याच्या खुणा प्रत्येक पानावर जपाव्या लागणार आहेत.

पाचवा दिवस : हेरापली

पामुक्कलेचे पांढरे कुंड बघायला जग येतं. पायातलं काढून हातात घ्यायचं आणि कोमट पाण्यातून चढत जायचं. वर पोचल्यावर हेरापली. गर्दी झऱ्यांवर, अवशेषांत शांतता.

उत्तरेकडची दफनभूमी अफाट आहे. एका कबरीवर फ्लावियस झ्यूक्सिस नावाच्या कारागीर-व्यापाऱ्याचा लेख आहे : आपण ग्रीसच्या दक्षिण टोकाचं मलेया भूशिर ओलांडून ७२ वेळा इटलीला जाऊन आलो, असं त्यानं कोरून घेतलं. पाताळाचा देव प्लूटो याच्या गुहेतून विषारी वायू निघतो. आपण तिच्यात चिमण्या सोडल्या आणि त्या पडून मेल्या, असं स्ट्राबो सांगतो. टेकडीवर प्रेषित फिलिप्पाचं अष्टकोनी स्मारक, पाचव्या शतकातलं. तिथवर चढताना ताईनं दोनदा विसावा घेतला, पण वरून सगळं खोरं दिसतं : समोर लावदिकीया, आणि लांब डाव्या हाताला होनाझचा डोंगर, ज्याच्या पायथ्याशी कलस्सै.

इथे मला एपिक्टेटस आठवत राहिला. स्वातंत्र्यावर इतकं खोल बोलणारा हा तत्त्वज्ञ जन्मानं दास, आणि जन्म हेरापलीचा, इ.स. ५० च्या आसपासचा. माझा अनेसिम खालच्या रस्त्यानं परतत होता तेव्हा हे दासीपुत्र पोर इथल्या कुठल्यातरी घरात रांगत-धावत होतं. पुढे तो शिकवतो की माणसाच्या मनाला कोणी बेडी घालू शकत नाही. पौल वेगळं बोलतो. तो धन्याच्या घराचा उंबरठा धरतो आणि म्हणतो, मला आपला मानत असशील तर माझ्यासारखाच याचा स्वीकार कर. एकाचं स्वातंत्र्य आतलं, दुसऱ्याचं जेवणाच्या पंगतीतलं. पौलानं ‘त्याला मुक्त कर’ असं सरळ का लिहिलं नाही, हे मला आजही सलतं. ज्यांच्या घरात अस्पृश्यतेच्या आठवणी आहेत त्यांना ते सलणारच. पण पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी चाबूक मारता येतो का, हा प्रश्न त्यानं त्या घरात टाकला, हेही मी विसरू शकत नाही.

सहावा दिवस : कलस्सै

देनिझलीहून होनाझची लहान बस. होनाझ चेरीसाठी प्रसिद्ध आहे आणि हंगाम भरात होता. रस्त्याकडेला पेट्या रचलेल्या. तिथून टॅक्सीवाल्यानं शेतांमधल्या रस्त्यानं एका टेकाडाशी सोडलं. टेकाड म्हणजेच कलस्सै.

इराणचा बादशहा झेरक्सीस याचं सैन्य या गावावरून गेलं असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. दुसरा ग्रीक लेखक झेनोफन याला मोठं, भरभराटीचं शहर म्हणतो. वर चढून गेल्यावर गवत, फुटकी खापरं, काटे, आणि एका उतारावर थिएटरचा खळगा. भोवती पिकलेला गहू आणि चेरीच्या बागा. इफिसमध्ये वजाबाकी करावी लागली होती. इथे बेरीज करावी लागते, आणि त्यासाठी इफिसच्या त्या उतारावरच्या घरांचा उपयोग झाला. मी मनात फिलेमोनाचं घर मांडलं : चौक, भोवती खोल्या, मागे धुरकट स्वयंपाकघर, कोपऱ्यात लोकरीचे गठ्ठे.

ताईनं विचारलं, “तो आला तेव्हा पत्र कुणी वाचलं असेल गं?”

या प्रश्नावर आम्ही तिथेच बसून पत्र पुन्हा काढलं. पौल ते एकट्या फिलेमोनाला लिहीत नाही. फिलेमोन, अफ्फिया, अर्खिप्प ‘आणि तुझ्या घरात जमणारी मंडळी’ असा मायना आहे. म्हणजे ते मोठ्यानं, सगळ्यांसमोर वाचायचं होतं. धन्याला आतल्या खोलीत बसून एकट्यानं ठरवायची सोय पौलानं ठेवली नाही. आणि परंपरेप्रमाणे तुखिकाच्या पिशवीत दुसरंही पत्र होतं, कलस्सैकरांना लिहिलेलं, ज्यात ‘दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा’ हे वाक्य येतं, आणि लगेच ‘धन्यांनो, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे’ हे. दोन्ही पत्रं एकाच चौकात, त्याच माणसांपुढे वाचली गेली असतील. त्या चौकात त्या घरातले बाकीचे दासही उभे होते. ते पळाले नव्हते, त्यांच्यासाठी कोणी चिठ्ठी लिहिली नव्हती.

आतापर्यंत माझं शेवटचं प्रकरण फिलेमोनाच्या मनात शिरून लिहायचं ठरलं होतं. आता ते तसं होणार नाही. स्वयंपाकघरात राबणारी एक मुलगी, अनेसिम गेल्यावर त्याच्या वाट्याचं पाणीही जिला भरावं लागलं, ती चौकाच्या कडेला उभी राहून दोन्ही पत्रं ऐकते. तिला अनेसिमाचा राग आहे, आणि अर्ध्या पत्रानंतर स्वतःबद्दल काही विचारायचंही आहे. धनी काय ठरवतो हे वाचकाला तिच्याकडून कळेल. टेकाडावरून उतरायच्या आत मी त्या प्रकरणाचे पहिले दोन परिच्छेद वहीत लिहिले, आणि ताईनं ते ऐकून त्या मुलीला नाव द्यायला सांगितलं.